विचारायची बंदी असलेलं राज्य

एक होता राजा, चंडवर्मा त्याचं नाव. कुंदे, पाय पांघरुणात घे आधी, नाहीतर गोष्ट बंद. तर हा राजा लढाईहून परत आला. सोबतची माणसं निम्मीच आली. वेशीत एक म्हातारी उभी होती. तिनं विचारलं, "महाराज, माझा लेक कुठं हो?" राजाला उत्तर देववेना. लाज वाटली मेल्याला, आणि लाजेचा झाला राग.

मग त्यानं एका जादूगाराकडून आपल्याच शब्दावर मंत्र बांधून घेतला. राज्यात जो कुणी प्रश्न विचारील, त्याची जीभ दगडाची होईल. झालं! पहिल्याच दिवशी निम्मा बाजार मुका झाला. "भेंडी कशी दिली?" एवढंच विचारलं होतं बिचाऱ्यांनी.

मग राजानं फर्मान काढलं, कुणी "अहाहा" म्हणायचं नाही की "आई गं" म्हणायचं नाही. मग आणखी एक काढलं, हुकूम करायचा तो फक्त राजानं. लोकांना उरलं काय, तर नुसतं सांगणं. ऊन पडलं. भात शिजला. आजोबा गेले. असं सपाट बोलायचे बरं का, आणि गुपचूप डोळे पुसायचे.

अशी वर्षं गेली. राजाला एक लहानगी लेक होती, केतकी. आई नव्हती तिला. राजवाड्याची रीत अशी, की पोरांनी विचारल्याशिवाय बोलायचं नाही, आणि हुकूम झाला की "जशी आज्ञा" एवढंच म्हणायचं. आता तिला विचारणार कोण? पोर दिवसदिवस गप्प असायची.

एकदा काय झालं, तिला ताप चढला. अंग नुसतं फणफणलं. राजा म्हणाला, "बरी हो!" ती म्हणाली, "जशी आज्ञा." ताप उतरेना. राजा म्हणाला, "बोल!" ती म्हणाली, "जशी आज्ञा." आणि पुन्हा गप्प.

मग एक वैद्य आला. त्यानं छातीला लेप लावला. मग दुसरा आला, त्यानं कडू काढा पाजला. पोर भडाभडा ओकली. मग तिसऱ्यानं लोखंड लाल केलं आणि पोटावर डाग दिला. हात कसे झडले नाहीत त्याचे! केतकीनं ओठ चावला, रक्त आलं, पण हूं की चूं केलं नाही. तिला तसंच शिकवलं होतं.

राजा ओरडला, "अरे, विचारा तिला!" तिघांनी माना खाली घातल्या. आपली जीभ कुणाला नको असते?

पोरीचे डोळे फिरायला लागले. मग राजा स्वतःच तिच्याजवळ जमिनीवर बसला. कुणाला काही विचारायची सवयच राहिली नव्हती त्याला. शब्द जुळेनात. शेवटी म्हणाला, "बाळा, कुठं दुखतंय गं?"

"कानात," केतकी म्हणाली. "आत काहीतरी चालतंय."

एका वैद्यानं कानात कोमट तेल घातलं. मग ही एवढी गोम बाहेर आली! पोर वाचली.

राजाची जीभ मात्र दगडाची झाली. मंत्र त्याच्याच शब्दावर उभा होता, तो शब्दच गेला, तसा मंत्रही सुटला. लोक मोठमोठ्यानं रडले, मग हसले, एकमेकांना हाका मारल्या. पण ज्यांच्या जिभा आधी गेल्या होत्या, त्या काही परत आल्या नाहीत. राजाचीही नाही.

मग केतकी रोज बापाशी बोलत बसायची. एकदा तिनं विचारलं, "बाबा, तुमचं काही दुखतंय का?" राजानं मान हलवून नाही म्हटलं. खोटं होतं ते.

असे ते सगळे तिकडे सुखानं राहू लागले, जमेल तेवढ्या सुखानं. आता मिटा बघू डोळे, मी दिवा बारीक करते.