उंबरसरीचं दही

"मग टाकू काढून, आक्का?"

भिवाजी मास्तरांनी मोबाईल पुढं धरला. धरणावरच्या मठातल्या सोनाक्का विळीवर भाजी चिरत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"कुनाला?"

"एकशे तीस जणांना."

उंबरसरी धरणात बुडाली तेव्हा मास्तर तिथल्या शाळेत शिकवत होते. गाव चार तालुक्यांत पांगलं. नऊ वर्षांपूर्वी मास्तरांनीच व्हॉट्सॲपवर 'आपली उंबरसरी' हा ग्रुप काढला, तेव्हा एकमेकांचे आवाज ऐकून म्हातारी माणसं लहान पोरासारखी रडली होती. मास्तरही रडले होते. ते दिवस आठवले की अजून त्यांचा जीव गलबलतो.

आता त्यातली निम्मी देवाघरी गेली. कुंभारआळीनं वेगळी चूल मांडली, बायकांनी आपली वेगळी. उरल्या ग्रुपवर सुना, जावई, नातवंडं. कुणाला रक्त हवं, कुणाला भाड्यानं खोली, कुणाच्या मुलीला स्थळ. उंबरसरीचं नावसुद्धा निघत नाही.

मास्तरांची हयात फळ्यासमोर गेलेली. सुंभ जळला तरी पीळ थोडाच जातो? त्यांनी ग्रुपवर परीक्षाच घेतली. 'आपल्या शाळेचं दार कोणत्या दिशेला होतं?'

एकशे तीस नापास.

"साळोख्यांच्या सुनेनं तर लिहिलं, 'माहीत नाही गुरुजी, पण तुमची तब्येत कशी आहे?' हे काय उत्तर झालं?"

आक्कांनी विळी मिटून बाजूला सारली.

"तिलाच पहिली काढतो. ग्रुप माझा आहे. तुम्ही फक्त हो म्हणा."

"आधी दोन घास खावा."

आक्कांनी भाकरी वाढली, शेजारी दह्याची वाटी ठेवली.

मास्तरांनी एक घास घेतला आणि हात थांबला. आईच्या हातचं दही असंच लागायचं. त्यांचे डोळे भरून आले.

"हे आपल्या गावचं, आक्का. विरजण जपलंत तुम्ही. बघा, जपलं म्हणून राहिलं."

"मी कुठलं जपतीय? माझं गेल्या उन्हाळ्यात नासलं."

"मग हे?"

"साळोख्यांच्या सुनेकडनं आणलं."

मास्तरांनी वाटीकडं पाहिलं.

"तिनं तर गाव पाहिलंच नाही."

"न्हाई बघितलं. गाव सोडताना तिच्या सासूला मीच दिलं हुतं. सासू गेली, ही रोज लावती."

मोबाईलचा उजेड आपोआप मालवला. मास्तरांनी तो पुन्हा लावला नाही. त्यांना लाज वाटली, आणि लाजेहून जास्त गावाची आठवण आली.

"मला पण थोडं विरजण द्याल, आक्का?"

आक्कांनी वाटीत चमचाभर दही घातलं, वर पान झाकलं.

"न्या की. दूध मात्र आजचं घ्या, मास्तर."