होडीतली मुलगी आणि देवळाचं छत

फार फार वर्षांमागची गोष्ट. एक नावाडीण घसा बसेपर्यंत खरं सांगत होती आणि अख्ख्या गावात एकाचाही तिच्यावर विश्वास बसला नाही. मला तर ही गोष्ट सांगतानाच संताप येतो.

झालं असं. नदी दर पावसाळ्यात गावचा काठ खात होती. लोक आधीच घाबरलेले. त्यात ऐन उन्हाळ्यात देवळाच्या छताचा जुना चुना गळून पडला आणि आत कोरलेलं एक मोठं चक्र दिसू लागलं. मध्ये सूर्य. भोवती एडका, बैल, एक जोडपं, खेकडा, सिंह आणि होडीत उभी असलेली एक मुलगी. तिच्या एका हातात कणीस, दुसऱ्या हातात विस्तव. पुढे तराजू, विंचू आणि आणखी काय काय.

एवढं सगळं असताना गावाला दिसली कोण? मुलगी.

पाटील म्हणाले, "देवाचा हुकूम आहे. नदीला मुलगी हवी. पूर चढला की कणीस आणि विस्तव हातात देऊन तिला होडीत सोडायची."

गावात होडी एकच, नावाडिणीची. आणि नावाडिणीला एक लेक होती. मग काय, कुणी दुसरीकडे बघितलंसुद्धा नाही.

नावाडीण धावत देवळात आली. "अहो, छताला कोरलंय म्हणजे ते आभाळच असणार! हुकूम असता तर दारावर कोरला असता, माना मोडून बघायला लावलं नसतं. या चांदण्यांच्या खुणा आहेत. आज रात्री नदीवर या, तो विंचू वर आभाळात दाखवते."

कुणी गेलं? कुणी नाही.

"आई आहे, ती असंच बोलणार," लोक म्हणाले आणि जेवायला गेले.

पावसाळा लागला, पूर चढला. ढोल वाजवत लोक काठावर जमले. पोर रडत होती. पाटील तिच्या हातात कणीस देऊ लागले, तशी नावाडीण वल्हं आडवं धरून उभी राहिली.

"थांबा! देवाचा हुकूम अर्धामुर्धा पाळता होय? पूर्वेच्या अंगाला एडका आहे, सुरुवात तिथून. पाटील, तुमचा टकरीचा एडका आणा."

"खरंय की," गर्दीतून कुणी म्हणालं. एडका आणला, होडीत चढवला.

"आता बैल. तोही तुमचाच, देवाला काय मरतुकडा द्यायचा?"

बैल चढला. होडी कलली. पाटलांचा चेहरा पडला.

"आता जोडपं," नावाडीण म्हणाली आणि पाटील-पाटलिणीकडे बघत राहिली. गावही बघू लागलं.

पाटलीणबाई कडाडल्या, "मी म्हणत होते ना, त्या छताचं मनावर घेऊ नका! जा आता एकटेच!"

पाटलांनी घाम पुसला. "मी काय म्हणतो, छताला कोरलंय म्हणजे ते आभाळच असणार. चांदण्यांच्या खुणा असतील त्या."

"वा! पाटलांची नजरच वेगळी!" लोक म्हणाले. आता यावर काय बोलायचं?

पाटलांनी एडका आणि बैल स्वतःच्या हातांनी खाली उतरवले. नावाडिणीने लेकीला पोटाशी धरलं. पाणी उतरताच ती लेकीला घेऊन पलीकडच्या काठाला गेली, ती होडीसकट. परत आलीच नाही. तेव्हापासून गावकरी नदीपलीकडच्या बाजाराला जायचे तर लेकरं खांद्यावर घेऊन, लांबचा उतार शोधत, गळ्याएवढ्या पाण्यातून.

लहानथोर सगळ्यांनी ऐका: जो अर्थ दुसऱ्याच्या लेकराचा जीव मागतो, तो आधी स्वतःच्या घराला लावून बघावा.

गावाला हे कळलं का? छे! होडी गेली कुणामुळे, यावर पारावर भांडणं झाली. कोरणाऱ्याला नावं ठेवली, चुन्याला ठेवली, नावाडिणीला तर ठेवलीच. शेवटी सगळ्यांचं एकमत झालं. दोषी कोण ठरला? शनी.