उघड्या पिंजऱ्यातला तितर

माळावर माणसांपेक्षा तितर जास्त होते, तेव्हाची गोष्ट. भुजाबा फासेवाल्याकडे एक पाळीव तितर होता. त्याच्या पिंजऱ्याचं दार कधीच लावलेलं नसे. रोज सकाळी भुजाबा गवतात फासे मांडायचा आणि हा पिंजऱ्यात ऐटीत बसून हाका मारायचा. रानातले तितर हाकेला धावत यायचे आणि अडकायचे. अंगणातल्या कोंबड्या त्याला ‘रावसाहेब’ म्हणत. एवढा मोठा आणि एवढा मोकळा पक्षी त्यांनी दुसरा पाहिला नव्हता.

एकदा फाशात अडकलेल्या म्हाताऱ्या तितराने त्याला विचारलं, “दार उघडं असून जात का नाहीस?”

“वाटेल तेव्हा जाईन की. मला कोण अडवतंय?”

“बरं. आणि कधी मनासारखं ओरडलास का?”

तेवढ्यात भुजाबाने म्हाताऱ्याला पोत्यात टाकलं.

दुसऱ्या दिवशी गवत हललं. एक मादी चार पिल्लं घेऊन फाशांकडे येत होती. रावसाहेबांनी चोच उघडली आणि ससाणा दिसल्यावर तितर ओरडतात तसे ते ओरडले. मादी पिल्लांसकट दिसेनाशी झाली.

“कुठंय रे ससाणा?” भुजाबाने आभाळात बघत विचारलं.

तितर त्याच्याकडेच बघत होता.

त्या दिवशी पिंजऱ्याला पहिल्यांदा कडी लागली. “बिचाऱ्याचं स्वातंत्र्य गेलं,” कोंबड्या म्हणाल्या, आणि त्यांनी त्याला रावसाहेब म्हणणं सोडलं.

सकाळी भुजाबाने बंद पिंजरा पुन्हा माळावर नेला. तितर पुन्हा मनासारखं ओरडला.