न्हाणीघराची मोळी

खूप जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते मला विचारू नका, मला सांगणाऱ्यालाही ते ठाऊक नव्हतं.

एका टेकडीवर मोठं विद्यापीठ होतं. तिथले आचार्य थोर विद्वान, पण पोथीतून मान वर काढतील तर शपथ! सगळा कारभार कोठाऱ्याच्या हाती. नियम असा, की प्रत्येक विद्यार्थ्याने दर महिन्याला लाकडाची एक मोळी आणून द्यायची. कशाला? तर न्हाणीघरात पाणी तापवायला. मोळी चुकली की परीक्षेला बसायचं नाही.

तीन कोसांवरच्या गावातून सावळी नावाची मुलगी शिकायला यायची. दुपारी यायची, धडा घ्यायची आणि दिवस मावळायच्या आत घरी परतायची. न्हाणीघराचा उंबरा तिने कधी ओलांडला नव्हता. राजाच्या रानातून घरटी महिन्याला दोनच मोळ्या तोडायची मुभा होती, त्यातली एक टेकडीवर जायची. मग अर्धा महिना चूल थंड. आई शिळी भाकरी पाण्यात बुडवून खायची.

एकदा मोळी टाकता टाकता तिने कोठाऱ्याला विचारलं, "काका, मी इथे न्हातच नाही. मग माझी मोळी कशाला?"

"नियम सगळ्यांना सारखा, पोरी."

"मग एकदा न्हाणीघर बघू तरी द्या."

"किल्ली आचार्यांकडे असते."

ती आचार्यांकडे गेली. ते पान उलटत म्हणाले, "किल्ली कोठाऱ्याकडे असते, बाळ."

झालं! सावळीच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. एवढ्या मोळ्या येतात, मग धूर कसा दिसत नाही? दाराशी कधी पाणी नाही, साधं शेवाळही नाही. कोठारी हसून बोलला की तिला जास्तच संशय यायचा. पण उघड बोलायचं म्हणजे परीक्षेवर पाणी सोडायचं. तिची नजर मात्र त्या दारावरून हलेना.

एक दिवस ती मुद्दाम सकाळीच आली. विद्यापीठातच राहणारा एक विद्यार्थी ओल्या धोतराने कुडकुडत नदीवरून येत होता.

"दादा, गरम पाणी सोडून नदीवर?"

तो वैतागला. "गरम पाणी तुम्हाला! तुम्ही लांबून दमून येता, म्हणून न्हाणीघर तुमचं. आम्ही नुसत्या मोळ्या वाहायच्या!"

"अहो, आम्हाला तर वाटतं ते तुमचं आहे!"

दोघं तसेच बाकीच्यांना सांगायला धावले.

दुपारी सगळे विद्यार्थी आचार्यांच्या दारात बसले, राहणारे आणि येणारे, दोन्ही. आचार्यांना उठावंच लागलं. कोठाऱ्याच्या कमरेची किल्ली काढून दार उघडलं. आत छप्पर कोसळलेलं, आणि पाणी तापवायच्या हंड्यात पुरुषभर उंचीचा पिंपळ! मागचं दार मात्र झाडून लख्ख, आणि तिथे बैलगाडीच्या चाकोऱ्या.

कोठारी चाचरला. "छप्पर पडून बारा वर्षं झाली. कुणी विचारलंच नाही. लाकूड वाया कशाला घालवायचं, म्हणून मेव्हण्याच्या वीटभट्टीला..."

कोठारी त्याच दिवशी टेकडी उतरला. मोळीचा नियमही रद्द झाला. आचार्यांनी स्वतःच्या डोक्यावर मोळी घेतली आणि तीन कोस चालत सावळीचं घर गाठलं. घाम पुसत म्हणाले, "माय, चुकलो. ही तुमची मोळी."

सावळीच्या आईने त्यांना बसायला घोंगडी टाकली, पाणी दिलं. मग म्हणाली, "मोळी मिळाली, आचार्य. पण थंड चुलीपुढे काढलेले दिवस कुठून आणून द्याल?"



म्हणून लहानांना सांगतो आणि मोठ्यांनाही: सगळ्यांकडून जे घेतलं जातं ते कुणाच्या कामी येतं, हे देणाऱ्याने विचारावं आणि घेणाऱ्याने दार उघडून दाखवावं.