गुरगुरण्याचा अर्थ

"गुरगुरली म्हणजे नेमकं काय केलं?" राजा रणधवल कडाडला.

कुशाबाला घाम फुटला. राजाची शिकारी कुत्री सांभाळता सांभाळता त्याचे केस पांढरे झाले होते, पण दरबारात उभं राहायची वेळ आज पहिल्यांदाच आली होती. सकाळी राजा पाहुण्यांना कुत्री दाखवायला घेऊन आला. मोरी नावाची कुत्री तेव्हा भाकरी खात होती. राजाने कौतुकाने तिच्या डोक्याकडे हात नेला आणि मोरी गुरगुरली. राजा दचकून मागे सरला, त्याचा पाय घसरला आणि तो थेट पाण्याच्या डोणीत बसला! पाहुण्यांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण ते काही दबलं नाही.

"महाराज," कुशाबा हात जोडून म्हणाला, "तिनं काही वाईट केलं नाही. नुसती गुरगुरली."

"शास्त्रीबुवा! गुरगुरणे म्हणजे काय?"

राज्याचा शब्दकोश लिहिणारे गदाधरशास्त्री पुढे झाले. त्यांनी घसा खाकरला. "गुरगुरणे, म्हणजे क्रोधाने केलेला हल्ला."

"ऐकलंस? हल्ला! आणि तोही राजावर! उद्या संध्याकाळच्या आत कुत्रीला घेऊन राज्याबाहेर चालता हो!"

तेवढ्यात मागून आवाज आला, "महाराज, शास्त्रीबुवांचा अर्थ चुकलाय!"

सगळ्या माना वळल्या. कुशाबाची मुलगी ठकू पदर खोचून उभी होती. तिचे हात अजून कुत्र्यांच्या भाकरीच्या पिठाने माखलेले होते.

"चुकलाय?" शास्त्रीबुवांची शेंडी थरथरली. "तीस वर्षं कोश लिहितोय मी!"

"आणि कुत्री किती वर्षं पाळलीत?"

दरबारात खसखस पिकली. राजाला मात्र हसू आलं नाही.

"फार शहाणी दिसतेस! मग खरा अर्थ तू दाखव. उद्या दुपारपर्यंत! पण दरबारात कुत्रं आणायचं नाही, मांजर नाही, कुठलंच जनावर नाही. तू तोंडाने तो आवाज काढायचा नाहीस. आणि शब्दांनी समजावून सांगायचं नाही. माझी मला खूण पटली पाहिजे! जमलं तर तुझा बाप राहील. नाही जमलं तर बापासोबत तूही बाहेर!"

"कबूल!" ठकू म्हणाली.

घरी आल्यावर कुशाबा डोक्याला हात लावून बसला. "ठके, काय करून बसलीस? जनावर नाही, आवाज नाही, शब्द नाही. मग अर्थ दाखवणार कसा?"

"आबा, मोरी कशावरून गुरगुरली?"

"भाकरीवरून. एरवी गरीब गाय आहे ती."

ठकू उठली आणि तडक राजवाड्याच्या मुदपाकखान्यात गेली. "महाराजांना सगळ्यात जास्त काय आवडतं हो?" तिने आचाऱ्याला विचारलं.

"खरवस! गाय कालच व्यायलीय, उद्या ताटात असणार. राणीसाहेबांनासुद्धा त्यातला तुकडा मिळत नाही बघ!"

दुसऱ्या दिवशी राजा जेवायला बसला होता. राणी पंखा हलवत होती, प्रधान आणि शास्त्रीबुवा बाजूला उभे होते. ठकू आत आली आणि मुकाट्याने राजाच्या पाटाजवळ बसली.

"काय गं, आणलास का अर्थ?" राजाने विचारलं.

ठकूने नुसती मान डोलावली. राजा खरवसावर तुटून पडला. एक वडी, दुसरी वडी, तिसरी वडी... ताटात शेवटची वडी उरली. तोंडातली संपवून राजा त्या वडीकडे वळणार, इतक्यात ठकूने हात पुढे केला. सरळ राजाच्या ताटात!

पहारेकऱ्याचा हात तलवारीवर गेला. दारात उभ्या कुशाबाने डोळे मिटून घेतले.

राजाच्या भुवया आक्रसल्या. डावा हात ताटाभोवती आला, दात आवळले गेले आणि भरल्या तोंडातून, पार घशाच्या तळातून आवाज निघाला...

"गुर्रर्रर्रऽऽऽ!"

ठकूने हात मागे घेतला. आवाज थांबला. राजाने वडी उचलून तोंडात टाकली.

आणि मग तो चावायचा थांबला.

राणीच्या हातातला पंखा थरथरत होता. तिने पदर तोंडात कोंबला होता.

"तू... तू मला...!" राजाचा चेहरा लाल झाला. "आवाज काढायचा नाही असं ठरलं होतं!"

"मी कुठे काढला, महाराज?"

राजाने रिकाम्या ताटाकडे पाहिलं.

"आता बोलायची परवानगी असेल तर विचारते," ठकू म्हणाली. "महाराजांनी मला मारलं का?"

"नाही."

"मारायचं मनात तरी होतं?"

"छे! नुसतं वाटलं, हात काढ."

"मी काढला. मग राग राहिला?"

"नाही."

"मोरीसुद्धा एवढंच म्हणाली, महाराज. हल्ला करायचा असता तर तिनं सांगून केला नसता! चावायची वेळ येऊ नये म्हणून समोरच्याला मागे सरायला दिलेली सवड, तिला गुरगुरणं म्हणतात."

राजाचं पोट हललं, खांदे हलले आणि तो असा काही खदखदून हसला, की खरवस त्याच्या घशात अडकला. राणीने पाठीवर थापट्या मारल्या, तरी हसू थांबेना!

"शास्त्रीबुवा, तो हल्ला खोडा! ही सांगते तसं लिहा! कुशाबा, तू आणि मोरी इथेच राहायचं. आणि हे घे!" राजाने हातातलं सोन्याचं कडं काढून त्याच्या हातात घातलं. "आणि पोरी, आजपासून तू कोशाच्या कचेरीत बसायचंस. शास्त्रीबुवा लिहितील, पण तुला पटल्याशिवाय एकही अर्थ कायम व्हायचा नाही!"

शास्त्रीबुवांनी नवा अर्थ लिहून घेतला, दोनदा वाचला आणि हळूच ठकूकडे सरकले. "बाई, 'खेकसणे' या शब्दाशीही मी महिनाभर अडलोय. जरा..."

"थांबा!" राजा डोळे पुसत ओरडला. "आता माझ्याकडून नाही, त्याचा अर्थ प्रधानांकडून काढून घ्या!"