लाटसाहेबांची तसबीर
गव्हर्नरांच्या बंगल्यात नवे लाटसाहेब आले आणि आठवड्यात दोन नोकरांना नारळ मिळाला. तिसरा नंबर आपला, या धास्तीने झाडपूस करणाऱ्या भिवा तांडेलला घास गोड लागेना. तोच साहेबांनी त्याला दिवाणखान्यात बोलावून फर्मावलं, "जुन्या गव्हर्नरांच्या तसबिरी अडगळीत टाक. इथे फक्त माझी लाव."

भिवा शिडीवर चढला, पण ज्यांची चाकरी केली त्यांना उतरवायला त्याचा हात धजेना. तो खाली आला.

"आता काय?" साहेब कडाडले.

"हुकूम तेवढा लेखी द्या, सरकार."

"माझा शब्द पुरत नाही?"

"आज पुरतो. पण पुढचे साहेब आले, की आपली तसबीर उतरवायलाही तोच कागद चालेल."

साहेबांनी बराच वेळ येरझाऱ्या घातल्या. मग म्हणाले, "राहू देत सगळ्या. माझीही त्याच रांगेत लाव."