गजलक्ष्मीचा हातपंप

महाराजांनी दांडा दाबला आणि पाणी खाली जायचं सोडून वर आलं!

केवडगडच्या त्रिंबकराजांची शिडाची होडी होती एवढीशी, पण नाव होतं ‘गजलक्ष्मी’. तिच्यात कपाटाएवढ्या खोलीत हातपंपाचा संडास होता. एका झडपेतून समुद्राचं पाणी आत घ्यायचं, दांडा वरखाली करायचा आणि दुसऱ्या झडपेतून सगळं बाहेर घालवायचं. बारा वर्षं तो निमूट चालला. त्या एकादशीला मात्र त्याने बंड केलं. महाराज बाहेर आले ते मिशांतून पाणी निथळत!

होडी बांधणारा धाकू सुतार मान खाली घालून उभा राहिला. त्याची मुलगी येसू शिडाचा दोर गुंडाळत होती. तिने ओठ घट्ट मिटले, तर हसू नाकावाटे बाहेर पडायला लागलं.

“धाकू! मुंबईहून आणलेलं नवं भांडं पेटीत नुसतं पडलंय ना? बसव ते!”

“बसवतो, महाराज. होडी तेवढी किनाऱ्यावर ओढून घेतो, की—”

“खबरदार! मागच्या खेपेला चाळीस जणांनी दोर लावून ओढली, तर सोनेरी पट्टा खरवडून निघाला. माझी गजलक्ष्मी काय चिखलात रुतलेली म्हैस आहे?”

“पण महाराज, झडपा गंजून गेल्यात. पाण्यात काढल्या तर तळाला दोन भोकं उघडी पडतील. होडी बुडेल!”

“ते तुझं तू बघ. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आमचे व्याही येणार आहेत. लेकीचे सासरे! त्यांच्या अंगावर हे कारंजं उडालं तर? होडी पाण्यातून बाहेर ओढायची नाही, दोर लावायचा नाही आणि समुद्राचा एक थेंबही आत येता कामा नये. जमलं नाही, तर होडी दुसऱ्या सुताराकडे. तू घाटावर हत्तीखान्यात जा आणि अंबाऱ्या ठोकत बस!”

धाकूचा चेहरा उतरला. गजलक्ष्मीची फळी न् फळी त्याने स्वतः तासली होती. समुद्र दिसत नाही अशा ठिकाणी तो जन्मात एक रात्र राहिला नव्हता.

घरी परतताना येसू वाळूतून चालता चालता बोटं मोजत होती.

“बाबा, पौर्णिमेला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा ना?”

पाऊणपटीचा हिशोब किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही येतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते आणि तिथून सहा तासांनी पाणी पार ओसरतं. धाकू थबकला. मग त्याने लेकीकडे पाहिलं आणि त्याच्या उतरलेल्या चेहऱ्यावर हसू फुटलं.

येसू थेट महाराजांपुढे गेली. पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत म्हणाली, “महाराज, तुम्ही म्हणाल तसंच होईल. फक्त पौर्णिमेला अकरा वाजता तुम्ही स्वतः होडी हाकत केतकीच्या बनासमोर आणावी आणि नांगर आपल्याच हाताने टाकावा. म्हणजे दुसऱ्या कुणी होडी हलवली असं नको व्हायला.”

होडी हाकायची म्हटली की महाराज जेवणही विसरत. त्यांनी झोकात शीड फुगवलं, बनासमोर भरल्या पाण्यात धपकन नांगर टाकला, छोट्या पडावातून किनाऱ्यावर आले आणि जेवून गाढ झोपले.

इकडे पाणी ओसरू लागलं. उधाणाची ओहोटी ती! बनासमोरचा वाळूचा पट्टा एरवी पाण्याखालीच असायचा. चार वाजता तो उघडा पडला आणि अंड्यांवर कोंबडी बसावी तशी गजलक्ष्मी अलगद वाळूवर बसली. धाकूने दोन्ही बाजूंना बांबूचे टेकू दिले, येसूने खाली पेंढ्याची पोती सरकवली. मग ठोकाठोक सुरू झाली. जुनं भांडं निघालं, गंजक्या झडपा निघाल्या, नव्या बसल्या. धाकू पेच आवळत होता आणि येसू फटीफटींतून कापूस आणि राळ ठासत होती.

सहाच्या सुमारास महाराज जोडे हातात धरून ओल्या वाळूतून तरातरा आले.

“धाकू! होडी पाण्याबाहेर काढलीस?”

येसू पुढे झाली. “नाही, महाराज. होडी तुम्ही सोडलीत तिथेच आहे. तुमचा नांगरही जागचा हललेला नाही. पाणीच उठून गेलं.”

“उठून गेलं? कुणाला विचारून?”

“ते कुणालाच विचारत नाही, महाराज. पण फार लांब जात नाही. ते बघा, आलंच परत!”

खरंच, लाटेची जीभ पेंढ्याच्या पोत्याला चाटून गेली. तिघंही होडीत चढले. पाणी वाढत गेलं, टेकू सुटे झाले आणि गजलक्ष्मीने अंग झटकावं तसा हेलकावा घेतला. धाकूने वाकून झडपांवरून हात फिरवला. झडपा कोरड्या ठाक!

महाराजांनी मात्र वाकून भांड्याभोवती बोट फिरवलं आणि ओरडले, “हे काय? ओलं! एक नाही, चार थेंब! समुद्र आत आलाच!”

धाकूच्या हातातला पाना गळून पडला. हत्ती त्याच्या डोळ्यांपुढे रांगेने उभे राहिले.

“हा समुद्र नाही, महाराज,” येसू म्हणाली. “हा बाबांचा घाम आहे.”

“कशावरून?”

“समुद्र असता तर चार थेंबांवर थांबला असता का? एकादशीला तुमच्या मिशांपाशी तरी थांबला होता का? आणि खात्री नसेल, तर चाखून बघावं!”

महाराजांनी बोट तोंडाकडे नेलं. तेवढ्यात आपण कुठे उभे आहोत हे त्यांच्या लक्षात आलं. बोट अर्ध्या वाटेतच थांबलं. त्यांनी बोटाकडे पाहिलं, भांड्याकडे पाहिलं, येसूकडे पाहिलं आणि मग असे खदाखदा हसले की अख्खी होडी डुलायला लागली!

त्यांनी दांडा दाबला. पाणी गुडुप करून खाली गेलं.

“धाकू, हत्तींना निरोप पाठव, तू येत नाहीस म्हणावं! आणि येसू, उद्या सुकाणूवर तू. व्याह्यांना घेऊन किती वाजता निघायचं?”

“उद्या प्रतिपदा, महाराज. बाराला.”

महाराजांनी बोटातली पाचूची अंगठी काढली आणि आधी ती नीट धुऊन मग येसूच्या ओंजळीत ठेवली.